जपानी काष्ठमुद्रित चित्रांचे कच्चे ठसे

एखाद्या बखरीचा मूळ खर्डा हातीं आला म्हणजे संशोधकास काय लाभ होतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको. खोडलेला शब्द, समासांतील भर, मागाहून बदललेलें नांव यांवरून ग्रंथ कसा घडला तें कळतें. साफ प्रत हें सारें झांकून टाकते. जपानांतील रंगीत काष्ठमुद्रित चित्रांच्या बाबतींत अडचण अशी कीं, तेथें खर्डा कृति घडतांनाच नष्ट होतो.

हीं बहुरंगी चित्रें, ज्यांस ‘निशिकी-ए’ म्हणतात, इ. स. १७६५ च्या सुमारास एदो (हल्लींचें तोकियो) येथें सुझुकी हारुनोबूच्या हातून पुढें आलीं. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेघांनीं आकृति काढी. तो कागद साकुरा जातीच्या लांकडी फळीवर पालथा चिकटवीत, आणि कोरणारा कारागीर कागदासकट लांकूड कोरी. मूळ चित्र तेथेंच संपलें! या रेखाफळीवरून मग काळ्या शाईचे कांहीं ठसे काढीत, हेच ‘क्योगो’. एकेका ठशावर चित्रकार एकेका रंगाची जागा दाखवून देई, आणि ते ठसेहि नव्या फळ्यांवर चिकटून कोरले जात. जादा काढलेले, किंवा काम अर्धवट राहिल्यामुळें वांचलेले, तेवढेच आज पाहावयास मिळतात.

अशा ठशांत प्रथम पाहावयाच्या त्या कडेच्या दोन खुणा: कोपऱ्यांत एक काटकोनी व त्याच बाजूस कांहीं अंतरावर एक सरळ. यांस ‘केन्तो’ म्हणतात. कच्च्या ठशावर त्या शाईनें उमटत, म्हणून प्रत्येक रंगफळीवर त्याच जागीं कोरल्या जात, आणि दहा फळ्यांवरून दाबलेला कागदहि रेसभर हलत नसे. पक्क्या मुद्रणांत त्यांस शाई लावीत नसत; कागद टेकविण्यापुरत्याच त्या उपयोगीं पडत.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची. कपाळावरील केसांच्या बारीक रेघा चित्रकार बहुधा मोघम सोडी. त्या शिरोभाग कोरणाऱ्या निष्णात कारागिराच्या. ज्या नाजूकपणाची वाहवा आपण चित्रकाराच्या नांवें करतों, त्यांतील बराच भाग दुसऱ्याचा आहे. होकुसाई हें पुरें जाणून होता. तो स्वतः लहानपणीं कोरीवकाम शिकला होता. उतारवयांत त्यानें प्रकाशकांस लिहिलेल्या पत्रांत एगावा तोमेकिची याच कारागिराकडून काम करवावें असा आग्रह आहे, आणि नाकडोळे आपल्या वळणाचेच कोरावे, अशीहि ताकीद आहे.

त्याचीं मूळ रेखाचित्रें जेथें टिकलीं, तेथें बहुधा काम फसलें म्हणूनच टिकलीं. शंभर कवींच्या मालेंतील (सुमारें १८३५) तिसांहून कमीच चित्रें छापून निघालीं; राहिलेल्यांपैकीं पुष्कळांचीं रेखाचित्रें उपलब्ध आहेत. ब्रिटिश म्यूझियमनें २०२० त घेतलेलीं १०३ चित्रेंहि न छापलेल्या ग्रंथाचींच.

संग्राहकांनीं एक सावधगिरी ठेवावी. जुन्या झिजलेल्या रेखाफळीवरून मागाहून काढलेला काळा ठसा ‘क्योगो’ म्हणून गळ्यांत पडण्याचा संभव असतो. तुटलेल्या रेघा त्याची साक्ष देतात. अस्सल ठशाची रेघ धारदार असते. दुर्दैवानें चौकटींत बसविण्याकरितां कागदाच्या कडा कातरल्या असल्या, तर केन्तोच्या खुणा जातात. मग निर्णय केवळ रेघेच्या धारेवर करावा लागतो, आणि तो क्वचितच निर्विवाद ठरतो.