महाराजांचा चहा



आपल्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला. देणगीदारांची यादी लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले, कारण मी कचेरीतला कारकून. याद्या करणे हा माझा रोजचाच धंदा. "आमचे नाव कितव्या ओळीत?" असे बऱ्याच जणांनी विचारले. खरे सांगायचे तर, लिहिणाऱ्याचेही नाव ठळक असावे, असे मलाही वाटून गेले. तेव्हा आपल्या कोल्हापूरचीच एक हकीकत आठवली.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण हुकूम निघाला म्हणून माणसांची मने लगेच बदलत नाहीत, हे आम्ही कचेरीतले लोक चांगले जाणतो. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेतले नोकर. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चहाचे हॉटेल काढायला मदत दिली. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघाले. पण अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजच आपली गाडी हॉटेलापुढे थांबवू लागले. गंगारामांच्या हातचा चहा स्वतः घेत व बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजीत.

मार्च १९२० मध्ये माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण भीमराव आंबेडकर. महाराज तेथे स्वतः गेले आणि तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला, असे त्यांनी लोकांना सांगितले.

मंडळी, देणे त्या मानाने सोपे आहे. देणाऱ्याचा हात वर असतो. ज्याला जग खालचा समजते त्याच्या हातून घेणे अवघड. तेथे हात खाली धरावा लागतो. छत्रपतींनी तो धरला, म्हणून ते लहान झाले नाहीत. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. पुढे त्यांचे स्मारक उभारण्यात याच गंगारामांनी पुढाकार घेतला.

आजचा काळ 'मी'चा आहे. दगड वाहणाऱ्यांची, चुना-माती कालवणाऱ्या मायबहिणींची नावे कोणत्याच फरशीवर नाहीत. म्हणून यादी मी रकमेप्रमाणे न लिहिता अकारविल्हे लिहिली आहे. कोणी रागावू नये. महाप्रसादाला पंगत एकच असावी आणि वाढणारा कोण, हे कोणी पाहू नये, एवढीच हात जोडून विनंती.