उसनी जीभ : अर्धवेळ मार्केटिंग प्रमुखाचे पूर्वज

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, आयुष्यभर प्लेटो आणि कांट शिकवलात, आता मार्केटिंगकडे कसे वळलात? वळलो नाही, ओढला गेलो. त्याची हकिकत आधी सांगतो, इतिहास मग.

माझा एक जुना विद्यार्थी सांगलीकडचा. तत्त्वज्ञानात एम. ए. केलं, आणि वडिलांच्या पश्चात त्यांची मसाल्याची गिरणी चालवायला घरी गेला. हळद, मिरची, थोडा कांदा-लसूण मसाला. चौदा माणसं कामाला. माल चांगला, पण तीन तालुक्यांच्या बाहेर कोणी ओळखत नाही. काही महिन्यांपूर्वी त्याचा फोन आला. म्हणाला, "सर, पुण्यात एक गृहस्थ आहेत. मोठ्या कंपनीत वीस वर्षं मार्केटिंग केलंय. आता ते एकाच वेळी चार-पाच छोट्या कंपन्यांचं बघतात. आठवड्यातले दोन दिवस आपले. याला फ्रॅक्शनल सीएमओ म्हणतात." पूर्णवेळ असा माणूस ठेवायचा तर त्याच्या पगारात गिरणीच विकावी लागेल, म्हणून हा अपूर्णांकातला. मी म्हटलं, "अरे, मग अडचण काय?"

अडचण लेबलाची होती. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जुनी पेवं आहेत, तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. 2005 च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि पुष्कळ पेवं निकामी झाली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पेवाला पुन्हा भाव आला, निदान चित्रातल्या पेवाला तरी. तर या गृहस्थांनी सुचवलं, की पाकिटावर पेवाचं छान चित्र टाकू. माझा विद्यार्थी म्हणाला, "आमची हळद पेवातली नाही, गोदामातली आहे." ते म्हणाले, "आपण पेवातली असं लिहीतच नाही. फक्त चित्र टाकतोय." आणि मग हा मला विचारतो, "सर, तुम्हीच लॉजिक शिकवलंत. सांगा, हे खोटं आहे का?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, आधी या माणसाचं कुळ शोधू दे. तो शोध आज तुमच्यापुढे ठेवतो.

कुळ फार जुनं निघालं. इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातल्या अथेन्समध्ये प्रत्येकाला कोर्टात स्वतःचं स्वतः बोलावं लागे, वकील देण्याची सोय नव्हती. मग ज्याला बोलता येत नाही त्यानं काय करायचं? भाषण लिहून देणारा गाठायचा. लिसियस हा त्यांतला नामांकित. गंमत म्हणजे तो स्वतः परदेशी रहिवासी, अथेन्सचा नागरिक नव्हे, पण त्यानं लिहिलेली भाषणं अथेन्सचे नागरिक आपल्या तोंडानं म्हणत. त्याच्या नावावर एक छोटं भाषण आहे, ते मला फार आवडतं. एक अपंग कारागीर, बाजारपेठेजवळ त्याचं दुकान. त्याला सरकारकडून रोज एक ओबोल मिळायचा, म्हणजे अगदी थोडके पैसे. कोणीतरी तक्रार केली, की याचा धंदा बरा चाललाय, हा घोड्यावरही बसतो, याचे पैसे बंद करा. भाषणातला माणूस सांगतो, की घोडा माझा नाही, मागून आणलेला आहे, आणि चालता येत नाही म्हणूनच त्यावर बसतो. दुकानात टवाळ माणसं जमतात म्हणता, तर ती प्रत्येकाच्याच दुकानात जमतात. सगळं भाषण त्या माणसाच्या चेष्टेखोर स्वभावात मुरलेलं. अभ्यासकांना प्रश्न पडला आहे, की दिवसाला एका ओबोलासाठी झगडणाऱ्याला इतका नामांकित लेखक परवडला कसा? मला वाटतं हाच प्रश्न छोट्या धंद्याचा आजही आहे.

लिसियसचं वैशिष्ट्य असं, की तो स्वतःचा आवाज लावत नाही, गिऱ्हाइकाचा आवाज शोधून काढतो. हे एक टोक झालं. दुसरं टोक प्लेटोच्या 'गॉर्जियास' संवादात सापडतं. गॉर्जियास हा फिरता, पैसे घेऊन वक्तृत्व शिकवणारा. त्याचा भाऊ वैद्य. गॉर्जियास सॉक्रेटिसाला मोठ्या अभिमानानं सांगतो, की भावाबरोबर मी रोग्यांकडे जातो. रोगी औषध प्यायला किंवा डाग घ्यायला तयार नसतो, वैद्याचं ऐकत नाही, पण मी बोललो की तयार होतो. आता बघा, औषध खरं असेल तर केवढा उपकार! पण गॉर्जियास तिथे थांबत नाही. तो म्हणतो, की एखाद्या शहराला वैद्य निवडायचा असेल, आणि समोर एक खरा वैद्य आणि एक वक्ता उभा असेल, तर लोक वक्त्यालाच निवडतील. इथे सॉक्रेटिस त्याला पकडतो. औषधाचं ज्ञान नसलेला माणूस, ज्ञान नसलेल्या लोकांना, ज्ञान असलेल्यापेक्षा जास्त पटवतो, ही कला कसली? वर्गात मी हा उतारा तीसेक वर्षं शिकवला. हळदीच्या पाकिटावर तो लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

आता एकदम अमेरिकेत येऊ. मधली शतकं सोडतो, वेळ कमी आहे.

1840 च्या दशकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फियात व्होल्नी पामर नावाच्या गृहस्थानं जाहिरात एजन्सी काढली, ती अमेरिकेतली पहिली मानतात. तो वर्तमानपत्रांतली जागा दुकानदारांना विकायचा, आणि जाहिरातीच्या रकमेचा चौथा हिस्सा वर्तमानपत्राकडून घ्यायचा. म्हणजे सल्ला दुकानदाराला आणि पैसे वर्तमानपत्राचे. मग माणूस कोणाचा? आपल्याकडचा अडत्या आठवा. शेतकऱ्याचा माल विकतो, व्यापाऱ्यालाही सांभाळतो, आणि रुमालाखाली बोटं धरून काय भाव ठरला ते बाहेरच्याला कळत नाही. अडते सगळे लबाड असं मी म्हणत नाही, माझे एक मामाच अडते होते. प्रश्न रुमालाचा आहे.

तो रुमाल फिलाडेल्फियातच एका तरुणानं काढला. फ्रान्सिस वेलँड एअर. 1869 मध्ये, विशी नुकतीच गाठलेली असताना, अडीचशे डॉलर भांडवलावर त्यानं धंदा सुरू केला आणि नाव वडिलांचं दिलं, 'एन. डब्ल्यू. एअर अँड सन'. कागदोपत्री तरी वडील पाठीशी दिसावेत म्हणून! 1875-76 च्या सुमाराला त्यानं एक नवा करार आणला. वर्तमानपत्राला प्रत्यक्षात किती पैसे दिले ते गिऱ्हाइकाला उघड दाखवायचं, आणि त्यावर ठरीव टक्के मेहनताना गिऱ्हाइकाकडून घ्यायचा. हा करार पहिल्यांदा झाला तो गुलाबाची रोपं विकणाऱ्या डिंजी अँड कोनार्ड या पेढीशी. कोणी पोलादसम्राट नव्हे, रोपवाटिका. माणूस आता निदान गिऱ्हाइकाचा झाला. एक भोक मात्र राहिलंच, की जाहिरातीवर खर्च जितका जास्त, तितकी टक्केवारी जास्त. ते भोक पुढे कित्येक दशकं कोणाला बुजवावंसं वाटलं नाही.

याच सुमाराला जॉन पॉवर्स नावाचा जाहिरातलेखक होता. मालातलं वैगुण्यसुद्धा छापायचा. वॉनमेकरच्या मोठ्या दुकानानं त्याला 1880 मध्ये नोकरीवर ठेवलं, दोनदा काढून टाकलं, आणि मग तो सुटा झाला, याचं काम, त्याचं काम. आजच्या अपूर्णांकी माणसाचा हा खरा आजोबा.

पण मला थांबायचं आहे क्लॉड हॉपकिन्सपाशी. कारण एकाच माणसात दोन्ही टोकं आहेत. श्लिट्झ ही मिलवॉकीची बिअर. त्यांचं काम आलं तेव्हा हॉपकिन्स आधी कारखान्यात गेला. तिथे त्यानं गाळलेल्या हवेच्या खोल्या पाहिल्या, खोल विहिरींचं पाणी पाहिलं, वाफेनं धुतलेल्या बाटल्या पाहिल्या. तो म्हणाला, हे तुम्ही लोकांना सांगत का नाही? मालक म्हणाले, त्यात काय सांगायचं, सगळेच असं करतात. हॉपकिन्सनं तेच छापलं आणि बिअर धो धो खपली. बाहेरच्या माणसाचा हा खरा उपयोग आहे. रोज पाहून आपल्याला जे दिसेनासं होतं, ते त्याला दिसतं. यात फसवणूक आहे का? वाक्य प्रत्येक खरं. वाचणाऱ्याला मात्र वाटलं, की हे फक्त श्लिट्झच करतं. या प्रश्नावर मी अजून घुटमळतो आहे.

पुढची गोष्ट मात्र घुटमळण्याजोगी नाही. शिकागोत लिक्विझोन नावाचं एक 'जंतुनाशक' औषध विकलं जाई. नव्याण्णव टक्के पाणी आणि किंचित गंधकाम्ल. त्यासाठी हॉपकिन्सनं पगाराऐवजी धंद्यात चौथा हिस्सा घेतला. जितकी विक्री, तितका तो श्रीमंत. आणि त्यानं विकलं, तीच लेखणी, तीच हुशारी. 1905 मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकारानं, हा हॉपकिन्स वेगळा बरं का, 'कॉलियर्स' साप्ताहिकात असल्या औषधांवर लेखमाला लिहिली, त्यात लिक्विझोनही होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अन्न आणि औषधांचा कायदा आला. हॉपकिन्सचं काही बिघडलं नाही. 1907 मध्ये एका मोठ्या एजन्सीनं त्याला त्या काळी थक्क करणाऱ्या पगारावर घेतलं. उसनी जीभ दुसऱ्या तोंडात गेली.

आपल्याकडे काय होतं? आपल्याकडे सबंध व्यवस्थापनच उसनं घ्यायची पद्धत होती, मॅनेजिंग एजन्सी. तिची मुळं द्वारकानाथ टागोरांच्या कार, टागोर अँड कंपनीपर्यंत नेतात, ती 1834 ची. भांडवल भागधारकांचं आणि कारभार एजंटाचा, एकच एजंट अनेक कंपन्या बघणारा. मुंबईच्या कापडगिरण्यांत एजंटाचं कमिशन कित्येक वर्षं पौंडामागे पाव आणा असं उत्पादनावर ठरलेलं होतं. नफ्यावर नव्हे! गिरणी तोट्यात गेली तरी सूत निघतंय तोवर एजंटाचा पाव आणा चालू. 1936 च्या कायद्यानं हे कमिशन निव्वळ नफ्याशी बांधलं, आणि 1970 मध्ये ही पद्धतच बंद झाली.

आणि याच्या अगदी उलट उदाहरण किर्लोस्करांचं. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर कोणी घेईना, लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. पुढे ही समजूत घालवायचं काम त्यांचे पुतणे शंकररावांनी अंगावर घेतलं. शिक्षण चित्रकलेचं, आणि राहणं किर्लोस्करवाडीत. 1920 मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याचं पत्रक म्हणून, आणि तिचं पुढे काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. पण प्रत्येक गिरणीवाल्याला असा पुतण्या कुठून मिळणार? म्हणून अर्धवेळ माणसाला मी नावं ठेवत नाही. तो लागणारच.

इतकं सगळं मी विद्यार्थ्याला फोनवर सांगितलं, थोडं जास्तच सांगितलं. मग विचारलं, "तुझ्या माणसाला पैसे कसे देणार आहेस?" म्हणाला, "ठरीव रक्कम थोडी, बाकी विक्रीतल्या वाढीवर टक्के." मी म्हटलं, "अरे, हा तुझ्या गिरणीचा पाव आणा आहे. माल परत आला, नाव गेलं, तर त्यातलं त्याच्या खिशातून किती जाणार?" आणि चित्राबद्दल म्हटलं, की तर्कशास्त्रात चित्र हे विधान नाही, तेव्हा ते खरंही नाही आणि खोटंही नाही, इथपर्यंत तुझा माणूस बरोबर. पण हरिपूरच्या शेतकऱ्यासमोर ते पाकीट तुला ठेवता येईल का? तो बराच वेळ गप्प होता.

शेवटी त्यांनी करार बदलला. सहा महिने, महिन्याला ठरीव फी, टक्के नाहीत, आणि दोनांपैकी एक दिवस पुण्यात नव्हे तर गिरणीत काढायचा. ते गृहस्थ कुरकुरले, पण आले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्ही यंत्र मधेमधे बंद का ठेवता? वेळ जातो." हा म्हणाला, "तापलं की हळदीचा वास जातो. निवू देतो. वडील तसंच करायचे." "हे तुम्ही कुठे सांगितलंय?" "यात काय सांगायचं?"

श्लिट्झचा मालकही अगदी हेच म्हणाला होता. आता पाकिटावर पेव नाही. दळण निववून काढतो ही एक ओळ आहे, आणि दळल्याची तारीख. विक्री वाढली का, हे दोन महिन्यांत सांगता येत नाही. पुण्यातल्या एका दुकानदारानं माल परत पाठवला, पाकीट फार साधं दिसतं म्हणाला. तारखेमुळे जुना माल ओळखू येतो, अशीही एक तक्रार आली आहे. करार संपायला अजून चार महिने आहेत. तुमच्यापैकी कोणाचा असा छोटा धंदा असेल आणि असा माणूस ठेवला असेल, तर त्याला पैसे कसे देता, हे मला चहाच्या वेळी जरूर सांगा. बाकीचे प्रश्न आत्ता घेऊ.