मध्यरात्रीचे नागपूर

दोन शहरांमधले हवाई अंतर किती, असे कोणी विचारले तर नकाशावर पट्टी ठेवून उत्तर देता येते. मुंबई आणि कलकत्ता यांच्यामधील हे अंतर सुमारे १,६६० किलोमीटर आहे. नागपूरवरून जाणारा लोहमार्ग १,९६८ किलोमीटरचा आहे. परंतु हे अंतर तोडावयास वेळ किती लागतो, या प्रश्नाला पट्टी पुरी पडत नाही. विमान किती वेगाने जाते याबरोबरच ते केव्हा निघते, हेही तेथे पाहावे लागते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते भर दिवसा. पेढ्यांतील आणि कचेऱ्यांतील पत्रे मात्र सायंकाळी तयार होतात. दिवसा उडणाऱ्या विमानासाठी ती रात्रभर पडून राहत. आकाशात वाचविलेले तास असे जमिनीवर खर्ची पडत.

हे ओळखून ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळणमंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत.

नागपूरच का? कारण ते मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या दोन्ही सरळ रेषांवर जवळजवळ नेमके येते. या मार्गांवर तेथे उतरल्याने अंतर वाढत नसे. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या पत्राला मात्र सुमारे ४०० किलोमीटरचा वळसा पडे. तरीही ते सकाळी दिल्लीत हजर होई. दिवसाच्या जवळच्या वाटेपेक्षा रात्रीची लांबची वाट अशी लवकर संपे. त्या वेळची डाकोटा विमाने ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासच उडत, हे ध्यानी घेतले म्हणजे या योजनेचे मर्म कळते.

एप्रिल १९४९पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. मोठ्या पेढीची निकड आणि गावाकडील आईचे पत्र यांना एकाच थैलीत जागा मिळाली.

या सोयीचे मोलही द्यावे लागले. १२ डिसेंबर १९५३ रोजी नागपुराहून उडालेले रात्रीचे एक विमान लगेच कोसळले आणि १३ जणांनी प्राण गमावले. सकाळी हाती पडणाऱ्या पत्रामागे रात्रभर जागणारे वैमानिक आणि टपाल-कर्मचारी उभे होते.

ही सेवा १९७३ साली संपली. आज जेट विमान मुंबईहून कलकत्त्यास अडीच-तीन तासांत पोहोचते. तथापि, रात्री निजलेल्या माणसाचे पत्र सकाळी दुसऱ्या टोकाला पोहोचविण्याची किमया वेगाआधी वेळापत्रकाने साधली होती, हे विसरता येत नाही.