प्रश्नमंजूषेच्या शिडीवर स्त्री

परीक्षा घेणारा निःपक्षपाती असतो, असे आपण गृहीत धरतो. दूरचित्रवाणीवरच्या प्रश्नमंजूषेत तर हा भास आणखीच पक्का होतो. प्रश्न पडद्यावर उमटतो, चार पर्याय येतात, घड्याळ टिकटिकते, आणि उत्तर बरोबर की चूक याचा निकाल यंत्र देते. स्त्री-पुरुष, हिंदू-मुसलमान, शहरी-खेडवळ असा भेद त्यात कुठे दिसत नाही. परंतु कोणता प्रश्न विचारायचा आणि तो शिडीच्या कोणत्या पायरीवर ठेवायचा, हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. भेदभाव असतो तो तिथे. हा खेळ आता सत्तर वर्षांचा झाला आहे, तेव्हा त्याचा इतिहास एकदा स्त्रियांच्या बाजूने वाचून पाहायला हरकत नाही.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल. जून १९५५ मध्ये सीबीएस वाहिनीवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ हा कार्यक्रम सुरू झाला. स्पर्धक एखाद्या विषयाचा जाणकार म्हणून बसायचा आणि दर प्रश्नाला रक्कम दुप्पट होत चौसष्ट हजार डॉलरपर्यंत जायची. निर्मात्यांना लवकरच कळले की लोकांना नुसते ज्ञान पाहायचे नसते, अचंबा पाहायचा असतो. म्हणून त्यांनी विजोड जोड्या शोधल्या. चांभारकाम करणारा माणूस ऑपेरा संगीतात पारंगत, पोलीस शिपाई शेक्सपिअरच्या नाटकांत. चौसष्ट हजारांचा टप्पा सर्वांत आधी गाठला तो मरीन दलातल्या कॅप्टन रिचर्ड मॅक्चेन याने, १९५५ मध्येच. त्याचा विषय होता पाककला.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेवढीच रक्कम जिंकली डॉ. जॉइस ब्रदर्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेली ही विदुषी. तिला मानसशास्त्रावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. तिचा विषय होता बॉक्सिंग! नाजूक बांध्याची सोनेरी केसांची बाई आणि ठोसेबाजी, हा तो विजोडपणा. तिने बॉक्सिंगवरचे जाडजूड ग्रंथ अक्षरशः पाठ केले. तिला बाहेर काढण्यासाठी प्रश्न अवघड करत नेले, मुष्टियोद्ध्यांवरून गाडी पंचांवर नेली, तरी ती डगमगली नाही. पुढे अशा कार्यक्रमांत उत्तरे आधी पुरवली जातात हे उघड होऊन १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसपुढे चौकशी झाली, तेव्हाही तिच्यावर काही शाबीत झाले नाही. ती खरोखरच शिकून आली होती.

या दोन विजयांकडे नीट पाहावे. सैनिक स्वयंपाक जाणतो म्हणून टाळ्या, आणि बाई ठोसेबाजी जाणते म्हणून टाळ्या. म्हणजे कोणता विषय कोणाच्या मालकीचा हे प्रेक्षकांच्या मनात आधीच पक्के होते. त्याशिवाय नवल वाटलेच नसते. मला अधिक बोलका वाटतो तो मॅक्चेनचा शेवटचा प्रश्न. १९३९ साली इंग्लंडच्या राजाने फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना बकिंगहॅम राजवाड्यात दिलेल्या मेजवानीतले पदार्थ सांगा, असा तो होता. चूल तीच, पण पदार्थांना फ्रेंच नावे आली, पंगतीला राजा आला आणि ताट वाढण्याऐवजी त्याचे वर्णन करायचे ठरले की ती चौसष्ट हजारांची विद्या होते. आपल्या उर्दूत यासाठी तीन वेगळे शब्दच आहेत : इल्म, हुनर आणि सलीका. पुरुषाने रांधले तर हुनर, रांधण्याविषयी बोलला तर इल्म. बाईने आयुष्यभर रांधले तर फार तर सलीका, आणि तोही लग्न जमवताना विचारात घेण्यापुरता.

याच्या नेमका उलट दाखला इंग्लंडमध्ये सापडतो. १९७२ मध्ये बीबीसीने ‘मास्टरमाइंड’ सुरू केले. काळी खुर्ची, चेहऱ्यावर झोत आणि समोर मॅग्नस मॅग्नुसन. इथला नियम वेगळा होता. पहिल्या फेरीचा विषय स्पर्धकाने स्वतः निवडायचा, दुसरी फेरी सामान्यज्ञानाची. पहिल्या तिन्ही वर्षांचे विजेतेपद स्त्रियांनी पटकावले : १९७२ नॅन्सी विल्किन्सन, १९७३ पॅट्रिशिया ओवेन, १९७४ एलिझाबेथ हॉरॉक्स. ओवेनबाईंचा विषय ऑपेरा होता, हॉरॉक्सबाईंचे वाङ्मयीन. सामान्यज्ञानाच्या फेरीतही त्या मागे पडल्या नाहीत, नाहीतर जिंकल्याच नसत्या. पुढच्या वर्षांत पुरुष विजेते वाढत गेले हे खरे, त्यामुळे या तीन वर्षांवरून मोठा सिद्धान्त काढता येणार नाही. पण ‘बायकांना अशा खेळात गती नसते’ हे विधान करणाऱ्याच्या पुढ्यात ही तीन नावे ठेवता येतात.

इंग्लंडचीच दुसरी नोंद याहून मजेदार आहे. ‘हू वाँट्स टू बी अ मिल्यनेअर?’ तिथे १९९८ मध्ये सुरू झाले. दहा लाख पौंड सर्वप्रथम जिंकले ते नोव्हेंबर २००० मध्ये ज्युडिथ केपेल या बाईंनी. त्यांचा शेवटचा प्रश्न होता : अ‍ॅक्विटेनची एलिनॉर ही कोणत्या राजाची पत्नी होती? उत्तर, दुसरा हेन्री. ही एलिनॉर अ‍ॅक्विटेनची स्वतःच्या हक्काने शासक होती, हेन्रीच्या आधी फ्रान्सची राणी होती. उत्तर देणारी बाई, प्रश्नातली बाई, आणि उत्तर मात्र नवऱ्याचे नाव!

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात सार्वजनिक प्रश्नमंजूषा रुजवली ती नील ओब्रायन यांनी, १९६७ मध्ये कलकत्त्याच्या एका चर्चच्या सभागृहात. ‘बोर्नव्हिटा क्विझ काँटेस्ट’ रेडिओवर १९७२ मध्ये हमीद सयानींनी सुरू केली, १९७५ मध्ये त्यांचा इंतकाल झाल्यावर अमीन सयानींनी ती सांभाळली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचे ‘क्विझ टाइम’ आले. इंग्रजी शाळा, महाविद्यालये, क्लब, असे या खेळाचे घराणे होते. राजधान्या, युद्धे, शोध, क्रिकेट, इंग्रजी सिनेमा हा त्याचा अभ्यासक्रम. हा अभ्यासक्रम कोणी बायकांविरुद्ध मुद्दाम रचला नव्हता. प्रश्न काढणाऱ्यांनी आपल्याला ठाऊक असलेल्या जगातून प्रश्न काढले आणि त्यालाच सामान्यज्ञान म्हटले, इतकेच.

सयानी बंधूंचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. त्यांच्या वालिदा कुलसुम सयानी यांनी मुंबईत प्रौढ साक्षरतेचे मोठे काम केले, त्यातही पडद्यातल्या बायकांमध्ये. नवसाक्षरांसाठी त्यांनी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक उर्दू, नागरी आणि गुजराती लिपीत चालवले. त्यांना पद्मश्री मिळाली होती. अमीन सयानींचा आवाज ओळखा, असा प्रश्न कितीतरी ठिकाणी ऐकला आहे. ‘रहबर’वर प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

‘कौन बनेगा करोड़पति’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. रात्री नऊला मोहल्ल्यातले रस्ते ओस पडत. पुरुषमंडळी खाटेवर बसून मोठ्याने उत्तरे देत, आणि बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून ऐकत. हजार रुपयांच्या प्रश्नाला मात्र उंबऱ्यातून आवाज येई : अहो, ती तर हळद! मसाले, नातीगोती, म्हणी, पेहराव हे प्रश्न शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर. वर चढावे तसे लढाया, राज्यघटना, करार, क्रिकेट. पहिले करोडपती हर्षवर्धन नवाथे यांचा शेवटचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेऊ शकणाऱ्या महान्यायवादीवर होता. उंबऱ्यात ठाऊक असते ते सर्वांनाच ठाऊक असते, म्हणून त्याची किंमत हजार, हा हिशेब कोणाला खटकला नाही.

पहिली स्त्री एक कोटीपर्यंत पोचायला दहा वर्षे गेली. २०१० मध्ये गिरिडीहच्या राहत तस्लीम यांनी ते केले, एका गृहिणीने. २०१३ मध्ये सुनमीत कौर साहनी पाच कोटी जिंकणारी पहिली स्त्री ठरल्या, आणि त्याच वर्षी सहारनपूरच्या फिरोज फातिमांनी कोटी घेतला. २०२० मध्ये तर नाझिया नसीम, मोहिता शर्मा, अनुपा दास अशी रांगच लागली. नाझियांना कोटीचा प्रश्न आला तो पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या अभिनेत्रीचा, उत्तर रूपा गांगुली. मोहितांना आला आरडीएक्स या स्फोटकाचा, अनुपांना रेझांग लाच्या लढाईचा. तिघींनीही अचूक सांगितले. म्हणजे ‘पुरुषी’ विषय बायकांना येत नाहीत, ही तक्रार करताच येत नाही. जॉइस ब्रदर्सप्रमाणे त्या तेही शिकून येतात.

तरी शेवटचा दरवाजा पाहा. अनुपा दास सात कोटींच्या प्रश्नावर थांबल्या. प्रश्न, रियाझ पूनावाला आणि शौकत दुकानवाला कोणत्या देशाच्या संघातून क्रिकेट खेळले? २०२२ मध्ये कोल्हापूरच्या कविता चावला, बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी, एक कोटी जिंकून साडेसात कोटींवर थांबल्या. प्रश्न, गुंडप्पा विश्वनाथने प्रथम श्रेणी पदार्पणात द्विशतक कोणत्या संघाविरुद्ध काढले? संयुक्त अरब अमिरात आणि आंध्र ही उत्तरे ठाऊक नसलेले पुरुषही लाखो असतील. परंतु अशी माहिती कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, जुन्या क्रीडा मासिकांतून आपोआप अंगाला लागते. त्या कट्ट्यावर कविताताई कधी बसल्या असत्या?

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. शाळेत साडेचारशे मुलांची खिचडी शिजवायच्या, महिना दीड हजार रुपयांवर. २०१९ मध्ये त्यांनी एक कोटी जिंकला. प्रश्न होता, बहादुरशहा जफरच्या दरबारातल्या कोणत्या शायराने ‘दास्तान-ए-गदर’ लिहिले? बबिताताईंनी जहीर देहलवी हे नाव सांगितले. उर्दू शिकवणाऱ्या कितीजणांना हे झटकन सांगता आले असते, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे. पण साडेचारशे मुलांना तांदूळ किती, डाळ किती, पाणी किती, आणि तळाला लागू न देता हे रोज कसे साधायचे, हा प्रश्न त्या शिडीवर नाही. लाखाच्या पायरीवर नाही आणि हजाराच्याही नाही.

स्त्री प्रश्नांत येते तेव्हाही एका ठरावीक साच्यातून येते : ‘पहिली महिला’. पहिली महिला पंतप्रधान, पहिली महिला पायलट, दिल्लीच्या तख्तावरची पहिली स्त्री. रझिया सुलतानाने १२३६ ते १२४० राज्य केले. त्या चार वर्षांत तिने काय केले, तिला कोणी का विरोध केला, यावर प्रश्न नसतो. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघल फौजेविरुद्ध लढवला. ही तर आपल्या मातीतली गोष्ट. ‘पहिली’ म्हणून एकदा हजेरी लागली की बाईचे इतिहासातले काम संपते. इंग्लंडमध्ये ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’बद्दल प्रेक्षकांनी अशी तक्रार केली, तेव्हा निर्मात्यांनी सांगितले की ऐकताना तो बाईने लिहिला की पुरुषाने हे कळू नये, असे प्रश्न असावेत हा आमचा प्रयत्न असतो. किमान तक्रारीची दखल तरी घेतली गेली.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुली आंतरशालेय स्पर्धेला जातात तेव्हा एक पूर्ण फेरी क्रिकेटची असते. अशाच एका स्पर्धेत आयोजकांना मी विचारले, दुसरी एखादी फेरी का नाही? ते हसून म्हणाले, ‘मॅडम, मग काय शिवणकाम ठेवायचे?’ त्यांच्या मते तो विनोद होता.

गेल्या वर्षी आमच्या वर्गाच्या प्रश्नमंजूषेसाठी प्रत्येकाने घरातल्या मोठ्या बाईकडून एक प्रश्न आणायचा असे ठरवले. सातवीतल्या एका मुलीने दादीकडून आणलेला प्रश्न असा : वीस बायकांची भिशी, दर महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये. पहिल्या महिन्यात चिठ्ठी निघाली तिचा फायदा जास्त, की विसाव्या महिन्यात निघाली तिचा? मुलांचा चमू लगेच म्हणाला, दोघींना दहा हजारच, म्हणजे सारखेच. मुलींच्या चमूने उत्तर दिले, पहिलीचा. तिला बिनव्याजी कर्ज मिळाले आणि शेवटची सगळ्यांना उसने देत राहिली. मग प्रश्न आणणाऱ्या मुलीने दादीचा उपप्रश्न वाचला : मध्येच दोघींनी भिशी सोडली तर बुडते कोण, आणि भिशी चालवणाऱ्या बाईने हे आधी कसे ओळखावे?