जुन्या ‘स्पेक्ट्रम’ची मेमरी वाढविताना

कोल्हापूर, प्रतिनिधी - दूरचित्रवाणी संचाला जोडायचा, कॅसेट रेकॉर्डरवरून कार्यक्रम भरायचा, असा घरगुती संगणक १९८० च्या दशकात अनेकांनी प्रथमच हाताळला. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ एप्रिल १९८२ मध्ये १६ व ४८ किलोबाइट अशा दोन प्रकारांत आला. भारतात ‘डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स’ने १९८६ मध्ये परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आणला. माळ्यावरचे असे यंत्र पुन्हा सुरू करताना मेमरी वाढविण्याचा मोह होतो. मात्र, चुकीच्या जोडणीने धडधाकट यंत्रही निकामी होऊ शकते.

खरेदीपूर्वी यंत्रालाच विचारावे. बेसिकमध्ये ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ ही आज्ञा द्यावी. उत्तर ६५५३५ आले तर ४८ किलोबाइट मेमरी शाबूत आहे. ३२७६७ आले तर यंत्र १६ किलोबाइटचे असावे, असे वाटते; पण येथेच फसगत होते. सुरू होताना यंत्र मेमरी तपासत जाते आणि सदोष जागा लागताच थांबते. ‘स्पेक्ट्रम प्लस’ मुळातच ४८ किलोबाइटचा. त्याने ३२७६७ हा आकडा दाखविला, तर गरज विस्ताराची नसून दुरुस्तीची आहे. अशा यंत्राला मागून ३२ किलोबाइटचा मेमरी पॅक जोडल्यास एकाच पत्त्यावर आतील आणि बाहेरील चिप्स एकदम उत्तर देऊ लागतात. हा पॅक केवळ अस्सल १६ किलोबाइटच्या यंत्रासाठीच होय.

आतील विस्तारात खरी मेख आहे. वरच्या ३२ किलोबाइटसाठी सिंक्लेअरने निम्मा भाग सदोष असलेल्या ६४ किलोबिटच्या चिप्स स्वस्तात घेतल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४५३२ किंवा ओकीची ३७३२ हे त्यांचे क्रमांक. चांगला अर्धा भाग कोणता, यानुसार त्यांचे उपप्रकार पडत आणि बोर्डावरील तारेच्या जोडण्या बदलत. म्हणून आठही चिप्स एकाच उपप्रकारच्या हव्यात. या काटकसरीचे कौतुक करावे की तिला नावे ठेवावीत, हे दुरुस्ती करणाऱ्यानेच ठरवावे! आज त्यांच्याऐवजी पूर्ण चांगली ४१६४ चिप बसविणे सोयीचे. मात्र ती १२८ ओळींच्या ‘रिफ्रेश’ची असावी, झेड-८० प्रोसेसर सातच बिटांचा रिफ्रेश पत्ता देतो. २०० नॅनोसेकंद वा त्याहून जलद चिप चालते. १६ किलोबाइटच्या यंत्रात चिप्ससोबत चार लहान लॉजिक चिप्सही लागतात.

खालच्या १६ किलोबाइटच्या ४११६ चिप्सचा संसार वेगळा. त्यांना +१२, +५ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागतात. त्यामुळे ४१६४ त्यांच्या जागी सरळ बसत नाही. वीज सुरू असताना मागील बाजूस काही जोडले किंवा काढले, की यंत्रातील व्होल्टेज तयार करणारा ट्रान्झिस्टर जळतो. -५ व्होल्ट बंद पडतात आणि पाठोपाठ याच चिप्स जातात. नव्या चिप्स घालण्यापूर्वी तिन्ही व्होल्टेज मल्टिमीटरने मोजलेच पाहिजेत. अन्यथा नव्यांचीही तीच गत होते.

अ‍ॅडॅप्टरही तपासावा. मूळचा ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा असून, त्याच्या पिनचा मध्यभाग ऋण असतो. सध्या मिळणाऱ्या बहुतेक अ‍ॅडॅप्टरचा मध्यभाग धन असतो. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणात काळवंडलेले मागील संपर्कपट्टे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळल्यावरच पॅक बसवावा.

१२८ किलोबाइटची हौस असेल, तर नुसती मेमरी पुरत नाही. झेड-८० ला एका वेळी ६४ किलोबाइटच दिसतात, त्यातील १६ रॉमचे. उरलेली मेमरी १६-१६ किलोबाइटच्या भागांत अदलाबदल करणारी मांडणी लागते. तसेच ‘स्पेक्ट्रम १२८’चे संगीत हवे असल्यास ध्वनीची चिप वेगळी. ४८ किलोबाइटसाठी लिहिलेल्या खेळांना यातले काहीच लागत नाही.