शीतगृहाचे दायित्व : निर्यातीच्या ताज्या शेतमालातील दूषितता (जुन्नर–आंबेगाव)

निर्यातीसाठी ठेवलेली फळे किंवा भाजी शीतगृहाच्या, पॅकहाउसच्या वा गोदामाच्या ताब्यात असताना दूषित झाली, तर त्या नुकसानीची साठवणगृहावर येणारी कायदेशीर जबाबदारी. दूषिततेत कीडनाशकांचे अंश, रोगजंतू, बुरशी आणि अमोनियासारख्या शीतकरण वायूची गळती येते. तपासलेल्या मालात बिनतपासणीचा माल मिसळला गेला, तरी व्यवहारात परिणाम तोच होतो.

कुकडी आणि घोड नद्यांच्या पाण्यावर पुणे जिल्ह्याचा हा उत्तर भाग फळा-भाज्यांचे आगर झाला. नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यभर प्रसिद्ध आहे. ओतूर, आळेफाटा आणि मंचरला कांद्याची मोठी आवक असते. सातगाव पठारावर वेफर्सच्या कारखान्यांसाठी बटाटा पिकतो आणि जुन्नरची काळी जंबो द्राक्षे परदेशी जातात. कांदा बहुधा शेतकऱ्याच्या स्वतःच्या बराखीत असतो. त्याला काजळी लागली किंवा तो सडला, तर तोटा त्याचाच. दाद मागायला दुसरा कोणी नसतो. द्राक्षांचे तसे नाही. ती तोडल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला जातात, शून्य अंशाच्या आसपास राहतात आणि मग न्हावाशेवा बंदराकडे निघतात. बाग एकाची, शीतगृह दुसऱ्याचे, कंटेनर तिसऱ्याचा. दायित्वाचा प्रश्न या हस्तांतरणात उभा राहतो.

त्याचा पाया १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे. माल सांभाळायला देणे म्हणजे निक्षेप. कलम १५१ नुसार सामान्य शहाणपणाचा माणूस तशा परिस्थितीत स्वतःच्या तशाच मालाची जितकी काळजी घेईल, तितकी साठवणगृहाने घ्यायची असते. ती घेतली असेल तर कलम १५२ त्याला वाचवते. मात्र ताब्यात असताना माल बिघडला, तर काळजी घेतल्याचे दाखवून देणे साठवणगृहाकडे येते, कारण त्या चार भिंतींआड काय घडले हे फक्त त्यालाच ठाऊक असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने कायद्यातला हा सर्वांत मोलाचा आधार आहे. उलट बाजूने कलम १५० माल ठेवणाऱ्यालाही बांधते. मालातला जो दोष त्याला माहीत आहे आणि ज्याने साठवणगृहाला अनपेक्षित धोका पोहोचेल, तो त्याने सांगितलाच पाहिजे.

कमी चर्चेतले पण या भागात फार कामाचे आहे कलम १५७. परवानगीशिवाय एकाचा माल दुसऱ्यात असा मिसळला की वेगळा काढता येत नाही, तर भरपाई साठवणगृहाने द्यायची. युरोपात जाणारी द्राक्षे २००६ पासून ‘अपेडा’ या केंद्रीय कृषी-निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट व्यवस्थेतून जातात. बागेची नोंदणी होते, प्रयोगशाळा त्या बागेचा नमुना तपासते आणि पेटीवरून बाग ओळखता येते. मार्चच्या गर्दीत चेंबरमध्ये दोन बागांचे क्रेट एका थप्पीत गेले, की ही सगळी साखळी तुटते. द्राक्ष तेच, पण त्याचा अहवाल आता दुसऱ्याच्या मालाचा.

महाराष्ट्राला अंशांचा पहिला मोठा धक्का २००३ मध्ये बसला. नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीडनाशकाचे अंश आढळले आणि त्यातून अंश-नियंत्रणाची राष्ट्रीय योजना उभी राहिली. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात तिची संदर्भ प्रयोगशाळा आहे. दुसरा धक्का २०१० चा. शेतकरी ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात ते वाढरोधक, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, युरोपच्या किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ते भारतातल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. निर्यातदार अडचणीत आले आणि बागाईतदारांचे पैसे अडकले. दोन्ही प्रसंगांत दोष वेलीवरच्या फवारणीतला होता, शीतगृहातला नव्हता. म्हणूनच ते इथे महत्त्वाचे आहेत: माल दारात येण्याआधीच दूषित होता की आत झाला, एवढ्या एका उत्तरावर जबाबदारी कोणाची ते ठरते. चेंबरमध्ये ठेवण्याआधीचा नमुना सीलबंद राखून ठेवला नसेल, तर ते उत्तर पुढे कोणालाच देता येत नाही.

शीतगृहच दूषिततेचे मूळ असल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बटाट्याचे आहे. साठवलेल्या बटाट्याला कोंब फुटू नयेत म्हणून क्लोरप्रोफामची धुरी देतात. व्यापारात ते ‘सीआयपीसी’ म्हणून ओळखले जाते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली आणि २०२० मध्ये वापर बंद झाला. तरीही नंतर साठवलेल्या, धुरी न दिलेल्या बटाट्यात ते सापडत राहिले. वर्षानुवर्षांच्या धुरीने ते भिंतींत, फरशीत आणि लाकडी खोक्यांत मुरले होते. शेवटी संघाला बटाट्यासाठी किलोमागे ०.४ मिलिग्रॅमची तात्पुरती मर्यादा ठरवावी लागली. अन्य बहुतेक पिकांना ती सवलत नाही. भारतात वेफर्सचा बटाटा दहा-बारा अंशांवर साठवताना हेच रसायन वापरतात. अशा चेंबरमध्ये पुढच्या हंगामात निर्यातीची फळे ठेवली, तर शेतकऱ्याने न वापरलेले रसायन त्याच्या नावावर निघेल. चेंबरचा मागचा वापर माल ठेवणाऱ्याला सांगणे हा योग्य काळजीचाच भाग मानला पाहिजे.

रोगजंतूंच्या बाबतीत जगभर २०११ च्या अमेरिकेतील प्रकरणाचा दाखला देतात. कोलोरॅडोतील जेन्सन फार्म्सच्या खरबुजांमुळे लिस्टेरियाची साथ पसरली आणि ३३ माणसे दगावली. अन्न व औषध प्रशासनाच्या तपासात शेतात जंतू आढळला नाही. पॅकहाउसमधून घेतलेल्या ३९ नमुन्यांपैकी १३ मध्ये तो होता. जमिनीवर पाणी साचत होते. धुण्याचे यंत्र पूर्वी बटाट्यासाठी वापरलेले आणि नीट साफ न होणारे होते. फळे प्री-कूलिंगशिवाय थेट शीतगृहात गेल्याने त्यांच्यावर पाणी सुटले आणि थंडीतही वाढणाऱ्या या जंतूला ओलावा मिळाला. साथीच्या काही आठवडे आधी एका खासगी लेखापरीक्षकाने याच जागेला उत्तम गुण दिले होते. मालक भावांनी गुन्हा कबूल केला. २०१४ मध्ये त्यांना पाच वर्षांचे प्रोबेशन, सहा महिने घरकैद आणि प्रत्येकी दीड लाख डॉलर भरपाईची शिक्षा झाली. शीतगृहाच्या भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र बचावाला पुरत नाही, हे या खटल्यातून दिसते.

भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मध्ये एक रेषा आखलेली आहे. शेतकऱ्याच्या हातातला कच्चा माल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तो दुसऱ्याच्या हाती गेला की कक्षेत येतो. साठवण हा अन्नव्यवसाय असल्याने शीतगृहाला परवाना लागतो आणि अस्वच्छ परिस्थितीत अन्नावर प्रक्रिया केल्याबद्दल कलम ५६ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोदाम (विकास व नियमन) कायदा, २००७ नुसार नोंदणी झालेल्या गोदामांसाठी कसोटी आणखी कडक आहे. तिथे सामान्य माणसाची नव्हे, दक्ष मालकाची काळजी अपेक्षित असते.

प्रत्यक्ष व्यवहार या कलमांपासून फार दूर आहे. अनेकदा शेतकऱ्याच्या हाती येते ती वजन आणि क्रेटची संख्या लिहिलेली पावती. तिच्यावर ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असे छापलेले असते. अशा अटीने निष्काळजीपणाची जबाबदारी टळते का, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. बागेवरच सौदा झाला असेल तर कागदोपत्री माल ठेवणारा निर्यातदार असतो. शेतकऱ्याचा शीतगृहाशी करार नसतो, तरी रॉटरडॅममध्ये नाकारलेल्या कंटेनरचा तोटा राहिलेल्या पैशांतून कापला जातो तो त्याच्याच. हा अन्याय आहे, आणि तो थांबवायला नवा कायदा लागत नाही. पावतीवर बागेचा नोंदणी क्रमांक, आत येतानाचे तापमान, चेंबर क्रमांक आणि नमुन्याचे सील लिहिले, तरी दोष कोणाचा ते शोधता येते. महाग्रेप्स या द्राक्ष सहकारी संस्थांच्या संघाच्या (स्थापना १९९१) पद्धतीत सदस्य संस्थांची स्वतःची प्री-कूलिंग व शीतगृहे असतात. तिथे हे सोपे जाते, पण भरपाई मागायची ती आपल्याच संस्थेकडे.

दाद मागण्याच्या मार्गांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा कॅनरा बँक विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स हा निकाल उपयोगी आहे. कर्नाटकातील एका शीतगृहाला आग लागून शेतकऱ्यांचा माल जळाला होता. विमा शीतगृहाने घेतला असला, तरी शेतकरी ग्राहक ठरतात आणि विमा कंपनीने पैसे द्यावेत, असे न्यायालयाने म्हटले. दूषिततेची जोखीम मात्र नेहमीच्या आगीच्या विम्यात येत नाही. परदेशात माल नाकारला जाण्याचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत आणि करारभंगासाठी दिवाणी न्यायालयात तीन वर्षांत जाता येते. जहाज कंपनीविरुद्धच्या दाव्याला एकच वर्ष मिळते. त्यामुळे माल नाकारल्याचा निरोप आल्याबरोबर शीतगृह, विमा कंपनी आणि जहाज कंपनी या तिन्ही पक्षांना लेखी सूचना देऊन संयुक्त पाहणी मागणे आणि शीतगृहाकडून त्या चेंबरच्या तापमान नोंदींची प्रत घेणे, हे पहिल्या आठवड्यातच करावे लागते.