खेळाडू येणार कोण, जाणार कोण?

युरोपातील फुटबॉलचा हंगाम मे महिन्यात संपतो. मैदानातील हिरवळीला विश्रांती मिळते. चाहत्यांना मात्र ती नसते. जून ते ऑगस्ट या काळात लंडन, लिव्हरपूल, माद्रिद, मिलान अशा शहरांत एकच विषय चघळला जातो : आपल्या संघात कोण येणार आणि आपल्याला सोडून कोण जाणार? मध्यरात्रीपर्यंत जागून इंग्लिश प्रीमियर लीग पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या चाहत्यांनाही हा प्रश्न तितकाच सतावतो. 'बचाव फळी दुबळी आहे', 'आघाडीवीर हवाच', 'एवढे पैसे या खेळाडूवर?' असे वाद रंगतात. या वादांमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे : खेळाडू नेमका कोणाचा?

नोंदणीचा अधिकार

खेळाडू 'विकला' किंवा 'विकत घेतला' असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात माणूस विकला जात नाही. त्याची नोंदणी एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाते आणि चालू करारातून त्याला मोकळे करण्याची किंमत मोजली जाते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रुजली. करार संपला तरी नोंदणी क्लबकडेच राही. क्लबने सोडले नाही, तर खेळाडूला अन्यत्र खेळता येत नसे.

१९०५ मध्ये मिडल्सब्रोने संडरलँडच्या आल्फ कॉमनसाठी १००० पौंड मोजले. चार आकडी रकमेचा हा पहिलाच व्यवहार. माणसाची अशी किंमत करावी का, यावर तेव्हाच्या वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. कॉमनने मात्र पहिल्याच सामन्यात पेनल्टीवर विजयी गोल केला आणि मिडल्सब्रोची पदावनती टळली. १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिसला नॉटिंगहॅम फॉरेस्टने सुमारे दहा लाख पौंडांना घेतले, तेव्हाही तोच वाद झाला. त्यानेही त्याच वर्षी युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल करून उत्तर दिले.

दोन खटले

क्लबांच्या या मक्तेदारीला पहिला धक्का जॉर्ज ईस्टहॅमने दिला. न्यूकॅसलने सोडण्यास नकार दिल्यावर तो खेळायचाच थांबला. पुढे त्याला आर्सेनलकडे जाता आले, तरी त्याने न्यायालयाची पायरी सोडली नाही. १९६३ मध्ये करार संपल्यानंतरही खेळाडूला अडकवून ठेवण्याची पद्धत न्यायालयाने अवाजवी ठरवली.

निर्णायक घाव बेल्जियमच्या झाँ-मार्क बॉसमन याने घातला. १९९० मध्ये लिएज क्लबशी त्याचा करार संपला. क्लबने कमी पगार देऊ केला. त्याला फ्रान्सच्या डंकर्ककडे जायचे होते, पण रकमेवरून घोडे अडले. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेल्या युरोपीय संघातील खेळाडूसाठी दुसऱ्या सदस्य देशातील क्लबकडून मोबदला मागता येणार नाही. युरोपीय संघातील खेळाडूंवरची परदेशी म्हणून असलेली मर्यादाही रद्द झाली. किलियन एम्बापे २०२४ मध्ये पॅरिस सोडून रिअल माद्रिदकडे एकही युरो हस्तांतर शुल्काविना गेला, तो याच निकालाच्या बळावर.

'विंडो' आणि घड्याळ

पूर्वी इंग्लंडमध्ये हंगामाच्या बहुतांश काळात खेळाडूंची ये-जा चाले. २००१ मध्ये फिफाने नवी नियमावली आणली आणि २००२-०३ च्या हंगामापासून इंग्लंडमध्येही ठरावीक मुदतीची 'विंडो' लागू झाली. उन्हाळ्यातील मोठी आणि हिवाळ्यातील छोटी, अशा दोन मुदतींतच नोंदणी करता येते. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढील हंगामासाठी करार करू शकतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय व्यवहारातील ५ टक्के रक्कम, खेळाडूला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते.

मुदत काटेकोर असते. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक डेव्हिड डी गिया माद्रिदला जाणार हे ठरले होते. कागदपत्रे वेळेत पोहोचली नाहीत आणि तो २०२३ पर्यंत मँचेस्टरमध्येच राहिला. २०१७ मध्ये लिस्टर सिटीने आद्रियन सिल्वाला घेतले, पण कागद १४ सेकंद उशिरा गेले. त्याला जानेवारी २०१८ पर्यंत संघाबाहेर बसावे लागले.

लाडका का विकला जातो?

चाहत्यांना सर्वाधिक खटकणारी गोष्ट म्हणजे क्लबमध्येच वाढलेल्या खेळाडूची विक्री. याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. पाच कोटी पौंडांना घेतलेल्या खेळाडूचा करार पाच वर्षांचा असेल, तर हा खर्च दरवर्षी एक कोटी असा विभागून दाखवला जातो. क्लबच्या अकादमीत घडलेल्या खेळाडूवर असा खरेदीखर्च नसतो. म्हणून त्याच्या विक्रीची जवळजवळ सर्व रक्कम नफा ठरते. खर्चावर मर्यादा घालणारे नियम कडक झाल्यापासून घरच्या पोराला विकण्याचा मोह वाढला. चेल्सीने लहानपणापासून घडवलेला कॉनर गॅलाघर २०२४ मध्ये ॲटलेटिको माद्रिदला दिला, तेव्हा चाहत्यांची हळहळ याच कारणाने होती.

वैऱ्याच्या गोटात

खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर हळहळीचा संताप होतो. जुलै २००० मध्ये रिअल माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी बार्सिलोनाच्या लुईस फिगोला आणण्याचे वचन दिले आणि जिंकून ते पाळले. नोव्हेंबर २००२ मध्ये फिगो माद्रिदच्या पोशाखात बार्सिलोनाच्या मैदानात उतरला, तेव्हा प्रेक्षकांतून बाटल्यांबरोबर डुकराचे मुंडकेही भिरकावले गेले. सामना काही काळ थांबवावा लागला.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. माद्रिद आणि बार्सिलोना हे सभासदांच्या मालकीचे क्लब आहेत. तेथे चाहता मतदार असतो आणि कोणता खेळाडू आणावा, हा निवडणुकीचा मुद्दा होऊ शकतो. इंग्लंडमधील बहुतेक मोठे क्लब खासगी मालकांचे आहेत. तेथे चाहत्याच्या हाती आरोळी, फलक आणि रिकामी खुर्ची एवढेच असते.

आपल्याकडे

भारतात 'दलबदल' हा कोलकात्याच्या मैदानावरचा जुना शब्द. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातील ये-जा तेथे घराघरांत भांडणे लावते. महाराष्ट्राला अशा बाजाराची चव इंडियन सुपर लीगने दिली. २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीसाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले, तर पुणे सिटीने युजीनसन लिंगडोहसाठी १ कोटी ५ लाख. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला. तेथील चाहत्यांपुढे मग खेळाडू येणार की जाणार हा प्रश्नच उरला नाही. संघच निघून गेला होता.

सही नसलेला चौथा

ऑक्टोबर २०२४ मध्ये लसाना दियारा याच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने करार मोडण्यासंबंधीचे फिफाचे काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. क्लबकडून खेळाडूकडे सरकत आलेले हक्काचे पारडे त्यामुळे आणखी झुकले. खेळाडूच्या दृष्टीने हा न्यायच आहे. आल्फ कॉमनच्या काळातील वेठबिगारी कोणालाही परत नको असेल.

मात्र हस्तांतराच्या कागदावर तिघांच्या सह्या असतात : देणारा क्लब, घेणारा क्लब आणि खेळाडू. चौथा, म्हणजे चाहता, त्यात कोठेच नसतो. मालक बदलतात, प्रशिक्षक जातात, खेळाडू दोन-चार हंगामांत पोशाख बदलतो. चाहत्याला मात्र हस्तांतर नसते; तो बहुधा जन्मभर एकाच संघाचा राहतो. आपल्या हाती काही नाही हे ठाऊक असूनही दर उन्हाळ्यात तो तावातावाने वाद घालतो, कारण त्या कागदावर सही नसली, तरी संघ आपला आहे हे सांगण्याचा तेवढाच मार्ग त्याच्यापाशी असतो.